नवं काम घेत नाही

सकाळी ऑफिसात आल्याआल्या मी काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड द्यायचे आणि हॉलमधली सगळी मशीनं हजेरी लावायची. कपाटांत फळ्याफळ्यांवर रचलेले, एकमेकांना जोडलेले हे संगणक मिळून एकच मोठं गणित सोडवत असतात. कोण दबलंय आणि कोण आरामात बसलंय, ते नावापुढच्या आकड्यावरून कळतं. त्याला आम्ही लोड म्हणतो. आकडा चढला की काम जास्त, शून्याजवळ आला की मशीन मोकळं. माणसांच्या कपाळावरही असा आकडा हवा होता, असं मी म्हणायचे. त्यावर ताई म्हणायची, "तुझ्या कपाळावर आठ्या आहेत तेवढ्या पुरेत."

ताई माझी वरिष्ठ. नात्याने कुणी नाही, पण सख्ख्या भावाशी मी कधी इतकं बोलले नाही. हे काम तिनेच शिकवलं. बिघडलेलं मशीन भसकन बंद करायचं नाही, हा तिचा पहिला धडा. आधी त्यावर खूण करायची: नवं काम घेत नाही. मग चालू असलेली कामं एकेक करून संपू द्यायची. शेवटचं संपलं की वायर काढायची. कुणाचं काही अर्धवट राहता कामा नये, असं तिचं म्हणणं. मला त्यात फार माणुसकी दिसायची.

एका सकाळी यादीच्या तळाशी एक ओळ जास्त आली. नाव नाही, नुसता लोड. हॉलमध्ये जाऊन सगळी कपाटं पाहिली. तिथल्या गारव्याने बोटं आखडली, पंख्यांच्या घरघरीने कान बधिर झाले, पण जास्तीचं मशीन काही सापडलं नाही. तेवढ्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कसल्याशा उशिराबद्दल झापलं. परत येऊन बसले, तर त्या ओळीचा आकडा चढलेला. पाणी प्यायले, जरा शांत झाले. आकडा उतरला.

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. डोळे मिटले आणि दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार मनातल्या मनात करत बसले. डोळे उघडले तेव्हा आकडा दुपटीच्या वर होता. गुणाकार सोडून दिला, तसा तो हळूहळू खाली आला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग मला भीती वाटली, आणि तीही आकड्यात दिसली.

सांगितलं फक्त ताईला. वाटलं होतं, हसेल. ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस. मी बघते."

मला इतका धीर आला की त्या रात्री गाढ झोपले.

पुढचे दिवस तर सुखाचेच गेले. साहेबांनी नवा प्रकल्प माझ्याऐवजी पलीकडच्या टेबलावर दिला. दातांचे डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. भावाशी कित्येक वर्षांचा अबोला होता. त्याने आपणहून फोन केला, "जाऊ दे, मिटलं आपलं," म्हणाला, आणि पुन्हा काही त्याचा फोन आला नाही. शेजारीण वाचायला नेलेलं पुस्तक परत देऊन गेली, दुसरं मागितलं नाही. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आकडाही रोज थोडा कमी व्हायचा.

मग एका दुपारी शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं. मशीनची स्थिती तिथे लिहिलेली असते. त्या ओळीपुढे होतं: नवं काम घेत नाही.

ही खूण कुणी केली, तेही कमांड देऊन विचारता येतं. विचारलं. उत्तरात ताईच्या खात्याचं नाव आलं.

खूण पुसायची कमांड दिली. बाकी सगळ्या मशीनवर मला ती चालते. इथे परवानगी नव्हती.

तिच्या टेबलापाशी गेले.

"हे तू केलंस?"

"हो." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "तुला एकच ओळ दिसते. माझ्या स्क्रीनवर दोन आहेत."

"दुसरी कुणाची?"

"माझी. दोनांतली एक रिकामी करून हवी होती."

"कुणाला?"

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ताई, मी तुला सख्खी मानत होते."

"म्हणून तर सावकाश केलं," ती म्हणाली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आणि मान मीच पुढे केली होती.

जागेवर येऊन त्या ओळीवरची चालू कामं उघडून पाहिली. एकच उरलं होतं.

मोबाइल वाजला. आई. रोज याच सुमाराला करते.

"जेवलीस का?"

"जेवले."

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"बरं मग, ठेवू?"

"नको ठेवूस. आई, मी येऊ का तुझ्याकडे? आत्ता निघते."

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुझ्या ताईचा फोन आला होता," आई म्हणाली. "सगळं नीट समजावून सांगितलं तिने."

"आई, ऐक ना, मला तुला एक विचारायचंय..."

"नवीन काही काढू नकोस गं बाळ," ती नेहमीच्याच मायेने म्हणाली. "आहे तेवढं संपू दे."