गट सापडला नाही

यानिना चुकीच्या स्टॉपवर उतरली ती उकाड्यामुळे. उरुग्वेची राजधानी मोन्तेविदेओ, तिथं फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि बसमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. दार उघडलं, गार वाऱ्याची झुळूक आली आणि ही बया सरळ उतरूनच गेली. समोरच्या गल्लीत ढोल वाजत होते. त्यांच्या मागोमाग गेली, तर एका वस्तीचा कार्निवलचा मंच लागला. दिव्यांच्या माळा, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा... आणि माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

दारात तिकिटं फाडायला एक तरुण उभा होता. अर्धा चेहरा निळा रंगवलेला, अर्धा कोरा.

“या, या! आज प्रत्येक पाहुण्याला एक अख्खी रांग.”

“आणि तुमचा उरलेला चेहरा?”

“रंगवणारी आत पाव भाजतेय. तुम्हाला येतं रंगवायला?”

“येत असतं तर हा कोरा भाग आधी झाकला असता.”

तो खदखदून हसला. नाव हेबेर. वस्तीच्या कार्निवल-मंडळाची गाणी तोच लिहायचा, तोच गायचा. गिऱ्हाईक नव्हतंच, तेव्हा भाजलेल्या सॉसेजचे दोन पाव घेऊन तो तिच्याशेजारीच येऊन बसला.

“दरवर्षी इथं उभं राहायला जागा नसते,” तो म्हणाला. “यंदा आम्ही कुणाला सापडतच नाही. कार्निवलची सगळी माहिती खुली ठेवणारं ते संकेतस्थळ आहे ना? प्रत्येक वस्तीच्या फायलींचा एक गट असतो त्यावर. आता ‘गट शोधा’ अशी नवी सोय केलीय म्हणे. आमचं नाव टाकलं की म्हणतं, ‘गट सापडला नाही’. आणि यंदाचा कार्निवल संपला की माझा मामा गाणं सोडणार, त्याचा निरोपाचा कार्यक्रम नेमका आज. जन्मभर गायला बिचारा.”

यानिनाच्या हातातला पाव हातातच राहिला. ती सोय तिनेच तयार केली होती! शोधताना कचरा मध्ये येऊ नये म्हणून तिनेच नियम घातला होता – ज्या गटात तीनपेक्षा कमी फायली, तो गट दाखवायचाच नाही. इतर वस्त्यांनी कार्यक्रम, बसगाड्या, खाण्याचे ठेले अशा वेगवेगळ्या फायली टाकल्या. हेबेरच्या वस्तीने सगळं एकाच फायलीत नीट बसवलं. त्या नीटपणाचीच त्यांना शिक्षा झाली, आणि साहेबांनी मात्र हिची पाठ थोपटली होती.

“तुम्ही काय करता?” हेबेरने विचारलं.

“कॉम्प्युटरवर... असंच काहीतरी.”

मग मामा गायला. वाल्तेर मामा, पांढऱ्या मिशांचा, सोनेरी झग्यातला. रिकाम्या खुर्च्यांना वाकून नमस्कार करून गायला. यानिनाने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की तळवे लाल झाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सोमवारी ऑफिसात पाय ठेवताच तिने तो नियम काढून टाकला. संकेतस्थळावर दोन ओळींचा खुलासाही दिला: कचरा टाळण्यासाठी लहान गट वगळले जात होते, आता दुरुस्ती केली आहे. खाली नाव मात्र घातलं नाही.

गुरुवारी खुर्च्या भरल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी लोक भिंतीवर बसले. मधल्या संध्याकाळी हेबेर आणि ती समुद्राकाठी फिरायला लागली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो हसला की ती फुलून यायची, आणि लगेच लाजेने अर्धी व्हायची.

“तू आलीस आणि वस्तीचं नशीब फिरलं,” तो एकदा म्हणाला. “पायगुण म्हणतात तो हाच!”

“हेबेर... ऐक ना...”

“काय?”

“काही नाही. वारा किती सुटलाय!”

सांगितलं तर हा जाणार. नाही सांगितलं तर आपण रोज त्याला फसवणार.

कार्निवलच्या शेवटच्या गुरुवारी त्याने तिला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. “नवं कडवं लिहिलंय. तुला हसवल्याशिवाय सोडणार नाही.”

वर्षभरात ज्यांनी घोळ घातले त्यांची गाण्यातून हजेरी घ्यायची, ही तिथल्या मंडळांची जुनी रीत. मंत्री झाले, पाणीवाले झाले. मग हेबेर पुढे आला, हातात खराटा. संकेतस्थळावरच्या त्या बिननावाच्या खुलाशातून त्याने एक झाडूवाली बाई रचली होती.

“कोण गं ती शहाणी, झाडू घेऊन आली?
कचरा कचरा म्हणता म्हणता वस्तीच झाडून नेली!”

हशाने मंडप हादरला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं यानिनाला. हेबेर डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून लोकांकडे बघत ओरडला, “आलीय का ती बाई इथं? हात वर करा!”

यानिनाने हात वर केला.

लोक आणखीच हसले. काय गमतीची पोरगी! पण हेबेरने तिचा चेहरा पाहिला... आणि त्याची पुढची ओळ चुकली. मामाने शेजारून ती उचलून धरली.

शेवटचं गाणं गात गात मंडळ मंचावरून उतरून लोकांमधून बाहेर पडतं. हेबेर तिच्यापाशी थांबला.

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?”

“पहिल्या घासापासून. सांगायची लाज वाटली, हेबेर. मग तू आवडायला लागलास... आणि जास्तच वाटायला लागली.”

“राग आलाय मला.”

“येऊ दे.”

“माझ्याकडे नको मागूस माफी. मामाकडे माग.”

मामा मागेच उभा होता. तिने त्याचे हात धरले आणि सगळं सांगितलं. रडतच सांगितलं. मामाने मिशीवरून हात फिरवला.

“म्हणजे तो निरोप कुणी ऐकलाच नाही? मग तो धरायचा नाही! पुढच्या वर्षी पुन्हा गाणार मी.”

“मामा, मामी मारेल तुला!” हेबेर म्हणाला.

“मारू दे. तो मार हिच्या खात्यावर मांडू.”

हेबेरला हसू आवरेना. राग पुरता गेला नव्हता, तरी हसता हसताच तो वाकला आणि त्याने आपला निळा गाल तिच्या गालावर टेकवला.

“आता पुसू नकोस,” तो हळूच म्हणाला. “पुसलंस तर पुन्हा लावावं लागेल.”

सकाळी ऑफिसात साहेबांनी विचारलं, “यानिना, गालाला काय लागलंय?”

“ते नंतर सांगते, साहेब. आधी त्या खुलाशाखाली माझं नाव घालते.”