नाव कोणी सांगितलं?

ज्याला खोटं वाटेल त्याला वाटू दे. मी भांडायला येणार नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय आणि मावशी थापा मारणाऱ्यांतली नव्हती. थापा मारायलाही सवड लागते. ती तिला कधी मिळालीच नाही.

यात अमावस्या नाही, स्मशान नाही. १९८६ चा फेब्रुवारी, सौंसर तालुक्यातलं मोहगाव आणि भर दुपार.

प्रतिभामावशी सौंसरला नर्स होती. नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई गावोगाव बायकांची कॅन्सरची तपासणी करायच्या, मावशी त्यांच्या मदतीला. लाकडी पट्टीनं गर्भपिशवीच्या तोंडाचं पाणी घ्यायचं, काचेवर पसरायचं, काच नागपूरला पाठवायची. एवढंच काम. पण एकेका बाईला टेबलावर चढवता चढवता मावशी मेटाकुटीला यायची.

आणि सगळं झालं की गाडी अडायची एकाच ठिकाणी.

"नवऱ्याचं नाव?"

बाई गप्प.

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत. आणि नाव तर हवंच. एकेका गावात चार-चार मंगला. रिपोर्ट वाईट आला तर नेमकी कोणती शोधायची? मग पडद्यामागच्या रांगेतली एखादी नाव सांगून टाकायची आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मावशी त्यांच्यावर करवादायची खरी, पण घरी तीही मावसाजींना 'मास्तर'च म्हणायची.

त्या दिवशी शिबिर शाळेच्या वर्गात होतं. दोरीवर लुगडं टांगून पडदा केलेला. रांग संपली, बायका पांगल्या. मावशीचे पाय सुजून टम्म झाले होते. एवढ्यात एक बाई आत आली. तिशीतली, अंगात रक्त नसल्यासारखी पिवळी. नाव वच्छला सांगितलं.

कित्येक महिने अंगावरून जात होतं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काच केली, मावशीकडे एकदा नुसतं पाहिलं आणि हात धुवायला बाहेर गेल्या. त्या पाहण्याचा अर्थ मावशीला कळत होता.

"नवऱ्याचं नाव?"

वच्छलानं मान खाली घातली. गाव विचारलं, तेही सांगेना.

"लिहू नका काही, नर्सबाई. घरी मालूम झालं तर माही बदनामी होईन. मी जातो."

एरवी मावशी तासभर समजावत बसली असती. त्या दिवशी त्राणच नव्हतं. तिनं पेनचं टोपण लावायला घेतलं...

पडद्यामागून आवाज आला.

"गुणवंता. लोधीखेड्याचा."

बाईचा आवाज. हळू, दमलेला, लांबून चालत आल्यासारखा.

मावशीला हायसं वाटलं. तिनं लिहून घेतलं आणि वर पाहिलं, तर वच्छलाचे ओठ पांढरे पडले होते.

"नाव कोनं सांगतलं?"

"तुझ्यासोबतच्या बाईनं. अजून कोणी?"

"माह्यासंग कोनीच नाही. मी एकलीच आली."

मावशीनं पडदा सारला...

वर्ग रिकामा. व्हरांडा रिकामा. बाहेर हौदावर डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. त्यांनी कोणालाच येताजाताना पाहिलं नव्हतं.

वच्छला निघून गेली.

रिपोर्ट आला. वाईटच होता.

मावशी बसनं लोधीखेड्याला गेली. गुणवंताचं घर सापडायला वेळ लागला नाही. पत्ता बरोबर होता. वच्छला अंगणात तुरी पाखडत होती. मावशीला पाहून तिनं सूप खाली ठेवलं आणि रडायला लागली. मग हळूहळू एकेक सांगितलं. गुणवंताची पहिली बायको म्हणजे वच्छलाची मोठी बहीण, सुमन. ती गेल्यावर वच्छलाला त्याच घरात दिलं. सुमनलाही असंच अंगावरून जायचं. तिनंही कोणाला सांगितलं नव्हतं. झिजून झिजून गेली. काय झालं होतं ते कोणी विचारलंही नाही.

"तो आवाज तिचाच होता," वच्छला म्हणाली. "जित्ती होती तवा तिनं त्याइचं नाव कधी नाही घेतलं. आता घेऊन राहिली."

मावशीनं गुणवंताला समोर बसवून सगळं सांगितलं. माणूस भला निघाला. नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं तो बायकोला नागपूरला घेऊन गेला. महिनाभराच्या वर तिथल्या धर्मशाळेत राहिला, स्वतः भाकरी थापल्या. वच्छलाला विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. शेक देताना जाड दाराच्या खोलीत पेशंटला एकटं ठेवतात. मावशी भेटायला गेली तेव्हा तिनं विचारलं, एकटीला भीती नाही वाटत?

वच्छला हसली. "एकली कुठं वं बाई..."

मावशीनं पुढं विचारलं नाही. वच्छला बरी झाली, हे महत्त्वाचं.

इथंच संपलं असतं तर मीही म्हटलं असतं, बहिणीची माया.

पण तो आवाज पुन्हा आला.

कधी रामाकोन्याला, कधी पांढुर्ण्याला. रांग संपत आलेली असायची. बाई गप्प असायची. आणि पडद्यामागून तोच दमलेला आवाज एखादं नाव सांगायचा. बाहेर पाहावं तर कोणी नाही. त्या आवाजानं सांगितलेल्या नावाची काच कधी चांगली आली नाही.

मावशीनं हे तेव्हा कोणाला सांगितलं नाही. फक्त "नवऱ्याचं नाव?" विचारलं की तिची नजर पडद्याकडे जायची. बाईनं स्वतः सांगावं म्हणून ती हातापाया पडायची.

१९८९. पांढुर्णा. शिबिर आटोपलं, संत्र्याच्या पेटीत काचा भरून झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रतिभाबाई, साऱ्या तालुक्याला टेबलावर चढवलंत, तुम्ही कधी चढलात का?

मावशी नाही म्हणणार होती. पण पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मधूनच डाग दिसायचा. दगदगीनं होत असेल, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. नको म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून ती चढली.

काच झाली. डॉक्टरीणबाईंनी नावाची चिठ्ठी लिहायला घेतली.

"मिस्टरांचं नाव काय हो? मी आपलं मास्तर मास्तरच ऐकते."

मावशीला हसू आलं. आता नाव घ्यायची वेळ तिच्यावर आली होती. जीभ रेटेना...

"यशवंतराव."

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता लिहून घेतलं.

मावशीनं तोंड उघडलं नव्हतं.

ती टेबलावर तशीच पडून राहिली. पडद्याकडे पाहिलं नाही. घरी गेल्यावर मास्तरांना म्हणाली, उद्याची नागपूरची तिकिटं काढा. रिपोर्ट तर येऊ दे, ते म्हणाले.

"रिपोर्ट आला," मावशी म्हणाली.

वेळेवर ऑपरेशन झालं. त्यानंतर मावशी वीस वर्षं जगली. तो आवाज सुमनचा असेल, तर सौंसरच्या मास्तरांचं नाव तिला कोणी सांगितलं, हे कोडं तिला शेवटपर्यंत सुटलं नाही. मलाही सुटलेलं नाही.

आता दवाखान्यात पडद्याआड मला नवऱ्याचं नाव विचारलं की मी लगेच सांगते. मोठ्यानं सांगते. नर्स हसतात, हसू देत.

दुसऱ्या कोणी सांगायच्या आत मला ते सांगायचं असतं.