उतरायचं राहिलेलं विमान

तेजलच्या सोलो नेव्हिगेशन फ्लाइटने शकुच्या नाकी नऊ आणले होते. पोरीने एकटीने विमान घेऊन निघायचं, नकाशावर आखलेल्या रेघेने दूरच्या एका गावापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. ते झाल्याशिवाय पायलटचं लायसन्स मिळणार नव्हतं, आणि ते काही केल्या होत नव्हतं. कधी धुकं, कधी विमानाचा पार्ट आला नाही, कधी इन्स्ट्रक्टर रजेवर. खानदेशातल्या त्या फ्लाइंग स्कूलमधून पोरगी दर वेळी तोंड पाडून घाटकोपरला यायची आणि आल्या आल्या आईचं डोकं खायला लागायची.

डोकं खाणं म्हणजे खुर्चीतला सराव. वैमानिक असंच शिकतात म्हणे. स्वयंपाकघरात फ्रिजसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकायची, मांडीवर नकाशा घ्यायचा आणि डोळे मिटून अख्खं उड्डाण तोंडाने म्हणायचं. आता इंजिन सुरू, आता नदीचं वळण दिसलं, आता उजवीकडे. समोरून विमानतळाच्या टॉवरने उत्तरं द्यायची. हा टॉवर म्हणजे शकु. नवरा रतन मेट्रोच्या कामावर, घरात सापडेल तर शपथ, मग दुसरं होतं कोण? महापालिकेच्या इस्पितळात नर्सची ड्यूटी करून आलेली शकु कणीक मळता मळता 'डेल्टा पापा, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ' म्हणायची. डेल्टा पापा हे तेजलच्या विमानाचं रेडिओवरचं नाव. एकदा तर ऑपरेशनला निघालेल्या एका आजोबांच्या स्ट्रेचरला तिने तेच सांगितलं, आणि आजोबा घाबरून खाली उतरायला लागले.

या सरावाचा नियम एकच. विमान उतरवल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. दारावरची बेल वाजो, नाहीतर गॅसवरचं दूध उतू जावो. दूध उतू गेलंही होतं, आणि शकुने ओटा पुसताना त्या इन्स्ट्रक्टरचा यथेच्छ उद्धार केला होता.

परवा संध्याकाळी तेजल अशीच खुर्चीतल्या आकाशात, नदीच्या जरा अलीकडे असताना स्कूलचा फोन आला. उद्या विमान मोकळं आहे, मिळेल त्या गाडीने ये. ती ताडकन उठली आणि बॅगेत कपडे कोंबायला लागली. शकुने डबा भरता भरता चेष्टेने विचारलं, की बाई, तुझं ते विमान वरच राहिलं, त्याचं काय? तेजल म्हणाली, राहू दे गं, उद्या खरंच उडायचंय. आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शकुला सुट्टी होती. पोचल्याचा मेसेज सकाळीच आला होता. आता पोरगी हवेत असेल, असं मनाशी म्हणत शकु मेथी निवडत बसली. त्यांची इमारत घाटकोपरच्या असल्फा भागातली, विमानतळावर उतरणारी विमानं अगदी डोक्यावरून जातात, चाकं मोजता येतील इतक्या खालून. खिडकीच्या काचा थरथरतात, कुणी मान वर करत नाही. तसंच एक विमान गेलं, काचा थांबल्या, आणि मागून तेजलचा आवाज आला.

"टॉवर, डेल्टा पापा. नदी पार केली."

शकुला पहिल्यांदा रागच आला. कार्टीने सराव कुठल्यातरी मोबाइलवर रेकॉर्ड करून तो चालू ठेवलेला दिसतोय. तिने खण उपसला, फ्रिजच्या मागे हात घातला. जुना मोबाइल सापडला, तो महिनोन् महिने मेलेला होता. शेजारच्या शांताबाईंचा टीव्ही म्हणावा, तर त्या गावाला गेलेल्या, दाराला कुलूप. आवाज खुर्चीतून येत होता. तेजल बसली की तिचं तोंड जिथे येतं, बरोबर तिथून. आणि खुर्चीचं बूड मधोमध किंचित वाकलं होतं, कुणी बसल्यावर वाकतं तसं.

शकुने स्वतःची नाडी पाहिली. जलद होती, पण ताप नव्हता. झोपही नीट झाली होती.

"टॉवर, ऐकू येतंय ना?"

आठवड्यातून मिळणारी एक सुट्टी, आणि त्यातही टॉवरची ड्यूटी! ती हट्टाने मेथी निवडत राहिली. आवाज सरावातल्यासारखाच एकेक खूण सांगत गेला. टेकडीवरचं देऊळ, मग रेल्वेचा पूल. मग तो अडखळला.

"कारखान्याची चिमणी दिसायला हवी होती. दिसत नाहीये. खाली सगळं सारखंच आहे."

हे सरावात कधीच नव्हतं. तिकडे वर, खऱ्या विमानात, पोरीचं हेच चाललं असेल तर? तिने तेजलला फोन लावला, तो बंद. स्कूलचा नंबर कुणी उचलेना. ती पुन्हा लावणार, एवढ्यात तिचाच फोन वाजला. तेजल.

"आई, परत कॅन्सल. विमान हँगरच्या बाहेरसुद्धा नाही काढलं. मी हॉस्टेलवरच आहे. जाम वैताग आलाय यार."

ओटा धरून शकु हसली आणि तिचे डोळे भरून आले. कॅन्सल तर कॅन्सल, पोरगी जमिनीवर होती. जेवलीस का, असं तिने विचारलं.

"आई," पाठीमागून आवाज आला. आता तो टॉवरला बोलवत नव्हता. "आई, रनवे दिसत नाहीये. मला उतरव ना."

एक आवाज कानात, एक पाठीमागे. श्वास घेण्याची लकबही तीच.

आपली पोरगी फोनवर आहे आणि सुखरूप आहे, हे शकुला स्वच्छ कळत होतं. खुर्चीत जे कोण होतं, ते तिचं नव्हतं. चप्पल घालून खाली निघून जाणं हेच शहाणपणाचं होतं. पण वॉर्डात परक्याच्या पोराने आई म्हणून हाक मारली तरी तिची मान वळायची, आणि हा आवाज तर तिच्या घरचा होता.

"फ्युएल संपत आलंय, आई."

शकुला चीड आली. स्कूलची, त्या खुर्चीची, स्वतःची.

कुणाची का असेना, पोर आहे.

तिने फोन कानापासून दूर धरला.

"डेल्टा पापा," ती म्हणाली, "रनवे समोरच आहे. क्लिअर्ड टू लँड."

"क्लिअर्ड टू लँड, डेल्टा पापा."

काचा थरथरल्या. छतावरून कुठलंच विमान गेलं नव्हतं.

मग खुर्ची मागे सरकली.

दोन हात मागून गळ्यात पडले. ऊबदार होते. खांद्यावर हनुवटी टेकली. केसांना उन्हाचा आणि पेट्रोलचा वास होता.

"दमले गं," तेजल म्हणाली. "खायला दे ना काहीतरी."

फोन अजून चालू होता. शकुने तो कसाबसा कानाला लावला.

"तेजल?"

"हो, तेजलच बोलतेय," पलीकडून उत्तर आलं, आदबीने, अनोळखी माणसाशी बोलावं तसं. "आपण कोण?"