टायटनवरची उजळलेली पाटी

वेल्ह्याच्या डोंगरावरच्या नियंत्रणकक्षात, भर दुपारी, पडद्यावर ओळ उमटली आणि कालिंदी शेडगेनं ती पुन्हा वाचून पाहिली. ‘तिन्ही होड्या: उत्तराची वाट पाहत आहेत.’

“कसलं उत्तर?” मोहिमेचे प्रमुख बोकील सर खुर्चीतून उठले.

“सर, आज्ञावलीची शिदोरी बांधताना ‘बसवू का?’ या प्रश्नाची खिडकी बंद करायची राहिली माझ्याकडून.”

शनीच्या टायटन या चंद्रावर, मिथेनच्या काळ्या दर्यात, तीन निर्मनुष्य होड्या अकरा वर्षं तरंगत होत्या. कालिंदी त्यांच्यासाठी नव्या आज्ञावल्यांच्या शिदोऱ्या बांधायची. होडीवरचा ‘मुकादम’ हा प्रोग्राम गाठ सोडायचा, जिथलं तिथं बसवायचा. अट एकच: शिदोरीनं कुणाला काही विचारायचं नाही.

“मग मुकादमच म्हणेल की ‘हो’!”

“त्याला हात कुठं आहेत? प्रश्न स्पर्शपाटीवर उजळतो. ‘हो’वर बोट टेकवून उचललं, तर आज्ञावली बसते आणि पाटी कायमची विझते. ‘नंतर’वर टेकवून उचललं, तर विझून दहा मिनिटांनी पुन्हा उजळते.”

“पाटी तिथं कशाला?”

“इथल्या चाचणीसाठी लावलेली. काढायचं कुणाला सुचलंच नाही.”

“धन्य आहोत आपण!”

या शिदोरीत ऊब राखायची आज्ञा होती. तासाभरात ती बसली नाही, तर होड्या गोठणार. आलेली ओळच ऐंशी मिनिटं जुनी; दुरुस्ती पोचायला आणखी ऐंशी. पोटच्या लेकरांसारख्या वाढवलेल्या त्या होड्या.

तेवढ्यात ओळ आली. ‘पहिली होडी: नंतर.’

“बिघाड?”

“नाही सर. पाटीवर दाब नोंदलाय. हलका. चाचपडल्यासारखा.”

दहा मिनिटांनी: ‘पहिली होडी: हो.’ ती बचावली. मग ‘दुसरी होडी: हो.’ तीही बचावली. कालिंदी हसत होती, रडतही होती. अंधाऱ्या दर्यातून कुणीतरी उजेडाकडे येत होतं, आणि दोनदा त्याच्या स्पर्शानंच तो उजेड कायमचा विझला होता.

‘तिसरी होडी: नंतर.’

दहा मिनिटांनी, पाटी उजळताक्षणी, न चाचपडता: ‘नंतर.’

“हे शिकलंय गं,” बोकील सर कुजबुजले. “उजेड परत कसा बोलवायचा, ते त्याला कळलंय.”

“पण सर, ‘हो’ नाही म्हटलं, तर होडी…”

“ते त्याला कोण सांगणार?”

‘नंतर.’

तास भरत आला. तिसऱ्या होडीची पाटी शेवटची उजळली. ‘स्पर्श सुरू,’ एवढीच ओळ आली. स्पर्श सुटल्याची नोंद होडी गोठेपर्यंत आली नाही.