घाटासाठी ठेवलेली जागा

घाट तोच, गाडी तीच, चालवणारी माझी आईच. तरीही शनिवारी घाट उतरताना गाडीनं कणभरही वीज कमावली नाही आणि रविवारी चांगली चार टक्के कमावली. हे कोडं मी सोडवलं असं आबा, म्हणजे माझे आजोबा, गावभर सांगतात. ते घातलंही त्यांनीच होतं, पण तेवढं सांगायचं मात्र विसरतात.

आमची कुसरवाडी घाटाच्या माथ्यावर आहे आणि तालुक्याचं गाव खाली, बावीस किलोमीटरवर. आई परिचारिका आहे. तिला खालच्या मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिकेची जागा मिळत होती आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. अडचण अशी की तिथलं काम संपणार सहाला आणि वर येणारी शेवटची बस सुटते साडेचारला. रोज ये-जा करायची तर गाडी हवी, नाहीतर आईनं तिकडेच खोली घेऊन राहायचं आणि फक्त रविवारी घरी यायचं. मी सहावीत आहे, म्हणजे तशी मोठीच आहे, पण मला रविवारपुरती आई नको होती.

आम्हाला परवडणारी गाडी एकच होती, विजेवर चालणारी, पिवळी आणि छोटी. कंपनीनं ती तीन दिवस वापरून बघायला दिली आणि सोबत एक यंत्रमानव पाठवला. गाडी विकणं हे त्याचं काम नव्हतं. विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचं आणि सांगाल ते मोजायचं, एवढंच. आल्या आल्या त्यानं आमच्या अंगणाचा उतार मोजला, म्हणून आबांनी त्याचं नाव मापाडी ठेवलं.

जयवंतमामाला ही गाडी पसंत नव्हती. मामाचा आईवर फार जीव, म्हणून तो तिला सारखा घाबरवत असतो. बॅटरी एवढीशी, घाटात मध्येच बसेल, घ्यायची तर मोठ्या बॅटरीची घे नाहीतर घेऊच नको, असं त्याचं म्हणणं. उतारावर ही गाडी स्वतःच थोडी चार्ज होते असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते खरं की खोटं, हे शनिवारी बघायचं ठरलं. मापाडीनं मध्ये बोलायचं नाही, अशी मामाची अट होती.

आता आमच्याकडे कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की दारात पाण्यानं भरलेली घागर ठेवतात. भरलेलं भांडं म्हणजे शुभशकुन. आबांनी घागर तर भरलीच, शिवाय गाडीही शंभर टक्के चार्ज करून ठेवली. शकुनात कसूर नको.

आम्ही निघालो. घाट संपला तेव्हा बॅटरीचा आकडा होता नव्याण्णव. वाढणं दूरच, वर ब्रेक तापल्याचा वास सुटला. मापाडीनं ब्रेक निवेपर्यंत थांबायला सांगितलं आणि पुन्हा गप्प बसला. मामा हळूच म्हणाला, "ताई, कागदावरच्या गोष्टी असतात या." घरी आल्यावर आईनं माळ्यावरची बॅग काढून पुसायला घेतली. तिकडे खोली घेऊन राहायची ती तयारी होती.

मी मापाडीला अंगणात गाठलं आणि उतारावर वीज येते तरी कुठून, असं विचारलं. त्यानं सावकाश समजावलं. एरवी बॅटरीतली वीज मोटर फिरवते आणि मोटर चाकं. उतारावर उलटं होतं. घरंगळणारी चाकं मोटरलाच फिरवतात आणि तिचं जनित्र (फिरवल्यावर वीज तयार करणारं यंत्र) होतं. ती वीज बॅटरीत जाते. शिवाय मोटर फिरवताना चाकांना जोर लावावा लागतो, म्हणून गाडीचा वेगही आवरला जातो आणि साध्या ब्रेकना फारसं काम उरत नाही.

"मग सकाळी का नाही झालं?" असं मी विचारणार होते. तेवढ्यात माझी नजर दारातल्या घागरीवर गेली. ती काठोकाठ भरलेली होती. तिच्यात आणखी पाणी ओतलं तर ते कुठे जाईल?

"मापाडी, बॅटरीत जागाच नव्हती का?"

"नव्हती," तो म्हणाला. "भरलेली बॅटरी आणखी वीज घेत नाही. म्हणून सगळं काम साध्या ब्रेकवर पडलं. मला कुणी विचारलं नाही."

रविवारी आम्ही सत्तर टक्क्यांवर निघालो. आबा भरल्या घागरीकडे आणि अर्धवट गाडीकडे आळीपाळीनं बघत होते. घाटाच्या पायथ्याशी आकडा होता चौऱ्याहत्तर. मामानं चष्मा पुसून तो पुन्हा वाचला.

मग मापाडीनं पूर्ण हिशेब दिला. उतरताना मिळालेली वीज पुढच्या सपाट रस्त्याला पुरते. परत चढायला मात्र चार-साडेचार युनिट (विजेचं माप) लागतात. बॅटरीत मावतात अठरा. म्हणजे घाटासाठी थोडी जागा रिकामी ठेवली तरी एकदा चार्ज केलं की तीन दिवस ये-जा. बॅटरी मोठी घेतली तर गाडी महाग होते, जडही होते, आणि तो जादा भार रोज घाट चढवायलाही वीज लागते.

मामाला अजून एक शंका होती. वर्षातून एकदा लांब जायचं झालं तर? पल्ला (एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर) कमी पडणारच की. याचं उत्तर मापाडीच्या आधी मीच दिलं. लग्नाचं मोठं पातेलं आपण घरात ठेवतो का? रोज छोट्या पातेल्यात भात शिजवतो आणि लग्नापुरती देवळाची भांडी आणतो. तसं लांब जाताना वाटेतल्या चार्जिंग केंद्रावर थांबायचं. मामा हसला आणि मी मापाडीच्याही वरताण आहे म्हणाला. आईनं बॅग पुन्हा माळ्यावर टाकली.

मापाडी निघाला तेव्हा मला रडू आलं. जाता जाता मी त्याला विचारलं, घाट उतरणाऱ्या गाड्यांची वीज चढणाऱ्या गाड्यांना देता येईल का? आपल्या घाटात ते कुणी मोजलेलं नाही, तू मोज, असं तो म्हणाला. मी त्यासाठी नवी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर आईची गाडी आहे.

आबा आता ऐंशी टक्क्यांवर प्लग काढतात आणि घागर मात्र काठोकाठ भरतात. आई रोज सातच्या आत घरी असते. परवा तिनं विचारलं, रविवारी आपण दोघींनी काय करायचं? मी म्हटलं, काही विशेष नको. रविवार आता बाकीच्या वारांसारखाच झालाय.