ठरलेली हाक

राजधानीतल्या द्वारका भागातल्या सोसायट्यांत वाढदिवस असला की विलासला बोलावणे यायचेच. मुलांना हिंदीतून हसवायचे, फुगे वाटायचे आणि शेवटी वाढदिवसाच्याच मुलाला गायब करायचे, हा त्याचा हुकमी खेळ. त्यात जादू कसली डोंबलाची! मूल काळ्या चादरीआडून गुपचूप आतल्या खोलीत सटकायचे आणि विलासने ‘आ जाओ’ म्हणेपर्यंत तिथेच थांबायचे, एवढे ठरलेले.

वृंदाताईंची वीणा आज सात वर्षांची झाली होती. चुणचुणीत पोर, पण आईने मराठीत काही विचारले की उत्तर हिंदीत. “आजीशी फोनवर दोन शब्द बोलत नाही हो,” असे मघाशी सांगताना वृंदाताईंचे डोळे भरून आले होते. विलासलाही वाईट वाटले.

खेळ रंगला. चादर झटकली, वीणा नाही! पोरे किंचाळली. विलास हाक मारणार, तोच वृंदाताईंना राहवले नाही. औक्षणाचे तबक हातात धरून त्यांनी लाडाने हाक दिली, “वीणाबाई, या हो या!”

वीणा आली. पण स्वयंपाकघरातून आली. विलास चपापला. मघाशी तिच्या पायांत चालताना दिवे लागणारे बूट होते. आता ती अनवाणी होती.

“आई, आधी कुंकू लाव ना गं,” पाटावर बसत ती म्हणाली.

वृंदाताई हरखून गेल्या. औक्षण झाल्यावर पोरीने वाकून नमस्कार केला आणि आजीला फोन लावायला लावला. मग ती खळखळून बोलत राहिली, स्वच्छ, जुन्या वळणाच्या मराठीत.

पाहुणे केककडे वळले. विलास चादर घडी करत आतल्या खोलीपाशी आला. दार लोटलेले होते. खालच्या फटीत लाल दिवे लुकलुकले.

“अंकल,” आतून दबक्या आवाजात विचारणा झाली, “अब आऊँ क्या?”

त्याने हाक मारलीच नव्हती.

मागे वृंदाताई उभ्या होत्या. त्यांनीही ऐकले होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

“ताई, बोलावतो मी तिला.”

त्याने तोंड उघडले. तोच आतून पुन्हा आवाज आला.

“अंकल, यहाँ बहुत अँधेरा है.”

वृंदाताईंचा हात दाराकडे गेला. तेवढ्यात हॉलमधून हाक आली, “आई, ये ना! आजीला तुझ्याशी बोलायचंय!”

वृंदाताईंनी हळूच बाहेरून कडी घातली.

“केक खाऊन जा हं, विलासभाऊ,” त्या म्हणाल्या.