एका नावाच्या दोन लायब्रऱ्या

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर राहू द्या. पण हे ज्यांच्यासोबत घडलं त्या आमच्या नात्यातल्या गुरम्माबाई आजही निलंग्यात धडधाकट आहेत, आणि त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

भर दुपार होती. एप्रिल २०१६. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोच महिना. उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणून पारावर चर्चा रंगायच्या आणि गुरम्माबाई जाता जाता म्हणायच्या, "करा की खुशाल नवा जिल्हा. आधी तोंड धुवायला तांब्याभर पाणी दाखवा."

मोंढ्यातल्या आडत दुकानांच्या मागं एक खोली. तिथं व्यापाऱ्यांच्या जलसेवा मंडळाचं ऑफिस. गुरम्माबाई मंडळाच्या अध्यक्ष. शाळा दुसरीपर्यंत. पण एकोणीस गावांचे टँकर त्यांच्या शब्दावर हलायचे.

कोणत्या टँकरनं कोणत्या विहिरीवर भरायचं आणि कोणत्या गावाला जायचं, ती यादी कॉम्प्युटर काढायचा. प्रोग्राम मडिवाळप्पानं लिहिलेला. मडिवाळप्पा मंडळाचा जुना माणूस. मागच्या श्रावणात वारला.

याच खोलीत... याच खुर्चीत.

त्याच्यामागं विहिरी आटल्या, पण त्याचा प्रोग्राम त्याच विहिरी सांगत राहिला. आदल्या दिवशी तीन टँकर कोरड्या विहिरींवरून रिकामे परत आले. एका गावात बायकांनी ड्रायव्हरला देवळात कोंडलं. तेव्हा मंडळाच्या बैठकीत गुरम्माबाई उभ्या राहिल्या.

"उद्या पाचच्या आत माझी सून नवी यादी काढून देईल. न्हाई दिली तर ही खुर्ची तुमची, मी घरी."

सून म्हणजे शिवकांता. नांदेडला इंजिनिअरिंग केलेली. सकाळी आठला कॉम्प्युटरसमोर बसली ती दोन वाजले तरी तिथंच. बाहेर टँकर उन्हात उभे. ड्रायव्हर टायरच्या सावलीला पडलेले.

गुरम्माबाई डबा घेऊन आल्या.

"काय गं, नांदेडहून आणलेली अक्कल संपली का काय?"

"आत्याबाई, नवा प्रोग्राम या जुन्या मशीनवर मुळापासून बांधावा लागून राहिला. बांधताना त्याला लायब्ररी जोडायची असते. तिथंच घोळ हाय."

"लायब्ररी तर स्टँडच्या मागं हाय. ती इथं कशाला जोडतीस?"

शिवकांताला हसू आलं नाही. सहा तासांत तिचं हसू वाळून गेलं होतं.

"ती न्हाई. ही एक फाईल असते. सगळ्या विहिरी त्यात भरलेल्या. मी नवी केली, तिचं नाव ठेवलं पाणवठा. मडिवाळप्पांच्या जुनीचं नावबी पाणवठाच. मी माझी मागते, मशीन त्यांची आणून देते."

"मग त्याची काढून टाक."

"चार वेळा काढली."

"पाचव्यांदा काढ. माझ्यासमोर काढ."

शिवकांतानं ती जुनी फाईल ज्यात होती ते मडिवाळप्पाचं अख्खं फोल्डर पुसलं. पुन्हा बघितलं. फोल्डर नव्हतं. प्रोग्राम परत बांधायला लावला. पडद्यावर ओळींमागून ओळी पळायला लागल्या. पळाल्या, थांबल्या.

तिनं मशीनला विचारलं, लायब्ररी कुठून घेतली?

उत्तर आलं...

मडिवाळप्पाचं फोल्डर. जे आत्ता पुसलं होतं तेच.

फाईल कधी तयार झाली तेही लिहिलेलं होतं. आजची तारीख. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

गुरम्माबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दोन बेचाळीस.

"कुणी केली गं ही?"

"मी न्हाई केली, आत्याबाई."

तेवढ्यात मोरीतून आवाज आला.

टप...

टप...

मोरीतल्या नळाला दोन महिन्यांत थेंब आला नव्हता. गुरम्माबाई उठून बघून आल्या. फरशी ठणठणीत कोरडी. नळाच्या तोंडाला कोळ्याचं जाळं. त्यांनी मोरीचं दार ओढून घेतलं.

आवाज चालूच.

आणि लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. ट्यूब विझली. इन्व्हर्टरची बॅटरी आठवड्यापूर्वीच दुरुस्तीला लातूरला गेलेली.

पण पडदा... विझला नाही.

त्याच्यावर ओळी पळायला लागल्या. शिवकांता खुर्ची सोडून भिंतीला टेकली. तिचे दोन्ही हात पदरात होते.

ओळी पळतच होत्या.

दुसरी कुणी असती तर पळाली असती. गुरम्माबाईंना राग आला. पाच वाजायला दोन तास, बाहेर एकोणीस टँकर, आणि हा मेलेला माणूस वाटेत आडवा बसलेला.

"मडिवाळप्पा, जिवंतपणी कामाला होतास, ठीक हाय. आता कशाला मधी मधी येऊन राहिलास रे? हो बाजूला."

ओळी थांबल्या.

रिकामी खुर्ची करकरली. कुणी रेलून बसलं की करकरते, तशी...

मग गुरम्माबाईंनी घरचाच विचार केला. त्यांच्या थोरल्या नातवाला वारलेल्या आजोबांचं नाव ठेवलेलं. म्हणून घरात त्या पोराला नावानं कुणी बोलवत नाही, अण्णा म्हणतात.

"शिवकांता, एका नावाची दोन माणसं असली की हाक कुणालाबी लागते. आधी जो ऐकतो तो ओ देतो. तू पाणवठा म्हणून हाक मारून राहिलीस, हा दारातच बसलेला. त्याला पुसू नको. तुझ्या फाईलचं नाव बदल."

शिवकांता पुन्हा कॉम्प्युटरपाशी आली. "काय ठेवू?"

"माझं ठेव. गुरम्मा. बघू कोण मधी येतंय."

जिथं जिथं पाणवठा लिहिलं होतं तिथं तिथं तिनं गुरम्मा लिहिलं. साडेतीनला लाईट आली. पावणेपाचला प्रिंटर घरघरला.

नवी यादी. सगळ्या ओल्या विहिरी.

एकोणीसच्या एकोणीस टँकर सुटले. रात्री आठपर्यंत सगळ्या गावांतून फोन आले, पाणी पोचलं. गुरम्माबाईंची खुर्ची राहिली. मंडळाच्या लोकांनी शिवकांताला साडी दिली, तीही गुरम्माबाईंनी रंग बदलून आणायला लावली.

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहीत बसले नसते.

दुसऱ्या दिवशी शिवकांतानं मशीनला सहज विचारलं, गुरम्मा कुठून घेतलीस?

उत्तर आलं... मडिवाळप्पाचं फोल्डर.

तिनं सासूला दाखवलं. गुरम्माबाई पडद्याकडं बघत राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "यादी बरोबर निघती ना? मग बंद कर ते."

यादी बरोबरच निघायची. जास्तच बरोबर. एखादी विहीर रात्रीतून आटली तर सकाळी ती यादीत नसायची. कुणी कळवायच्या आधी...

मग जूनमध्ये गुरम्माबाईंच्या घरी आवाज सुरू झाला. दुपारी पावणेतीनच्या सुमारास. मोरीकडून.

"गुरम्मा..."

पुरुषाचा आवाज. बाई न लावता. त्यांना असं नुसत्या नावानं बोलावणारं निलंग्यात आता कुणी उरलेलं नाही.

गुरम्माबाईंनी कधी ओ दिली नाही. दोनदा हाक यायची, त्या दात आवळून बसायच्या, आवाज थांबायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं. मला सांगताना म्हणायच्या, "हाका मारून मारून घसा बसंल त्याचा. माझं काय जातंय?"

परवा मी भेटायला गेले तेव्हा त्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं. मग सांगायला लागल्या.

आदल्या दिवशी दुपारी हाक आली होती. नेहमीसारखी. घरात त्या एकट्या. त्यांनी तोंडावर पदर दाबून धरला होता.

आणि मोरीतून कुणीतरी ओ दिली...

त्यांच्याच आवाजात.

तेव्हापासून आम्ही नात्यातलं कुणीच त्यांना गुरम्माबाई म्हणूनही हाक मारत नाही.